शाळेच्या नावाने गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

वर्गात वापरायची ऑनलाइन साधनं दोन प्रकारची असतात. काही उघडली की लगेच वापरता येतात. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स त्यांपैकीच. बरीच मराठीतही आहेत, आणि नवीन स्वरूपातली डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालवता येतात. जिओजेब्रा या गणिताच्या साधनाचंही तसंच. यांना अर्ज-बिर्ज काही लागत नाही. दुसरा प्रकार असा, की संस्था खरोखरच शाळा आहे हे सिद्ध झाल्यावरच तो मोफत मिळतो. शाळेच्या नावाचे ईमेल, फायलींची जागा आणि ऑनलाइन वर्ग एकत्र देणारी गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ए१ ही त्यातली मोठी नावं. इथे भर आहे तो गूगलच्या ‘फंडामेंटल्स’ या मोफत आवृत्तीवर. मायक्रोसॉफ्टची प्रक्रिया बरीचशी अशीच असल्याने तिचे फक्त फरक शेवटी दिले आहेत.

वैयक्तिक जीमेलवरही क्लासरूम (गूगलचं ऑनलाइन वर्ग चालवण्याचं साधन) चालतं, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. वैयक्तिक खात्यांना क्लासरूममध्ये वर्ग तयार करण्याची मुभा २०१७ पासून आहे, हे खरंच. पण विद्यार्थी पासवर्ड विसरला तर शाळेला काहीच करता येत नाही. शिक्षक शाळा सोडून गेले की वर्गाचं सगळं साहित्य त्यांच्याच खात्यात राहतं. वैयक्तिक मोफत खात्यावरून तीन किंवा अधिक जणांची मीट (गूगलचा व्हिडिओ कॉल) ६० मिनिटांत बंद होते. शाळेच्या खात्यात पासवर्ड बदलून देणं अॅडमिनच्या (शाळेची खाती सांभाळणाऱ्याच्या) हातात असतं, आणि निघून जाणाऱ्या शिक्षकाच्या ड्राइव्हमधल्या फायली दुसऱ्याच्या नावावर करता येतात. साठवणुकीची जागा संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मिळते; हजार खाती असतील तर सरासरी १०० जीबी प्रत्येकी. मात्र मीटचं रेकॉर्डिंग मोफत आवृत्तीत नाही. तास रेकॉर्ड करून ठेवण्यासाठी हे खातं हवं असेल, तर आधीच विचार करा.

पात्र कोण

सरकारमान्य, अधिकृत मान्यता असलेली आणि प्राथमिक, माध्यमिक किंवा उच्च शिक्षणाच्या स्तरावर राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेची प्रमाणपत्रं देणारी शैक्षणिक संस्था, अशी गूगलची व्याख्या आहे. खासगी शिकवणी, छंदवर्ग, कंपनीचं प्रशिक्षण केंद्र यांचं काम शिकवण्याचंच असलं तरी ते या व्याख्येत बसत नाहीत. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या, पण स्वतःची शाळा नसलेल्या सेवाभावी संस्थेसाठी गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स हा वेगळा मार्ग आहे. उलट शाळेने तिकडे अर्ज केला तर तो नाकारला जातो, कारण त्या योजनेतून शाळा-महाविद्यालयं वगळलेली आहेत. ज्या संस्थेच्या नावाखाली शाळाही चालते आणि ट्रस्टही, तिथे हा गोंधळ नेहमी होतो. अर्ज मान्यतापत्रावर जे नाव आहे त्या शाळेच्या नावाने करा, ट्रस्टच्या नावाने नाही.

एकट्या शिक्षकाला स्वतःच्या नावाने हा अर्ज करता येत नाही. संस्थेने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच तो भरायचा असतो. संगणक शिक्षक भरणार असतील तर मुख्याध्यापकांच्या सहीचं एक अधिकारपत्र आधी करून घ्यावं. फॉर्ममध्ये ते मागत नाहीत, पण पुढे खात्याच्या ताब्यावरून वाद झाला तर तेवढाच लेखी पुरावा हाताशी राहतो.

अर्जाआधी हाताशी काय हवं

शाळेचं मान्यतापत्र किंवा संलग्नता प्रमाणपत्र, त्यावरचं नेमकं नाव आणि पत्ता, विद्यार्थी व कर्मचाऱ्यांची अंदाजे संख्या, शाळेचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू स्थितीतली वेबसाइट. पहिल्या फॉर्ममध्ये मुख्यतः माहिती भरायची असते. कागदांची गरज पडते ती तपासणाऱ्याला वेबसाइटवरून खात्री पटली नाही तर, आणि तेव्हा ते ईमेलने मागवले जातात. म्हणून प्रमाणपत्राची स्पष्ट, चारही कोपरे दिसणारी पीडीएफ तयार ठेवा. शिक्क्यावर सावली पडलेला मोबाइलचा फोटो पुन्हा पाठवावा लागतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र कागद नाही, ती डोमेन आहे, म्हणजे शाळेच्या वेबसाइटचं आणि ईमेलचं स्वतःचं इंटरनेटवरचं नाव. शाळेच्या मालकीचं डोमेन हवं, आणि त्याच्या डीएनएस सेटिंगमध्ये (त्या नावाची वेबसाइट आणि मेल कुठे जाते हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये) शिरण्याचा पासवर्ड शाळेकडे हवा. फुकट ब्लॉगसेवेवरचा पत्ता इथे उपयोगाचा नाही. अर्ज कागदांवर अडण्यापेक्षा इथे जास्त अडतात. वेबसाइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलेलं असतं, किंवा ते ज्या शिक्षकांच्या ईमेलवर नोंदवलं होतं ते केव्हाच निवृत्त झालेले असतात. फॉर्म उघडण्याआधी डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन होतंय का, नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, या तीन गोष्टी तपासा. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असेल तर आधी ती बदलून घ्या, भले त्यात महिना जावो.

वेबसाइटही एकदा बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहा. शाळेचं नाव मान्यतापत्राप्रमाणेच आहे का? पत्ता, इयत्ता, मान्यता देणाऱ्या मंडळाचं नाव दिसतं का? ‘लवकरच येत आहे’ एवढीच पाटी असलेल्या पानावरून कोणालाही शाळेची खात्री पटणार नाही.

फॉर्म भरताना

सुरुवात योग्य पानावरून झाली पाहिजे. शोधयंत्रात वर्कस्पेस टाकलं की आधी व्यवसायांसाठीची ‘बिझनेस स्टार्टर’सारखी सशुल्क आवृत्ती पुढे येते. कार्डाचा तपशील विचारला गेला तर पान चुकलं आहे असं समजा आणि शिक्षण विभागातून ‘फंडामेंटल्स’ निवडून पुन्हा सुरू करा.

संस्थेचा प्रकार विचारतात तिथे शाळा की उच्च शिक्षण ही निवड विचारपूर्वक करा, कारण वयाच्या मर्यादा त्यावरूनच ठरतात. संपर्काचा म्हणून जो दुसरा ईमेल द्यायचा, तो शाळेच्या त्याच डोमेनवरचा नको. पडताळणी होईपर्यंत किंवा काही बिघडल्यावर त्या डोमेनची मेल पोहोचेलच असं नाही, आणि तपासणीचे सगळे निरोप तिथेच येतात. अॅडमिनचं पहिलं खातं व्यक्तीच्या नावाने न करता पदाच्या नावाने करा.

‘हे डोमेन आधीच वापरात आहे’ असा संदेश आला तर घाबरू नका. पूर्वी कोणीतरी त्याच डोमेनने अर्ज केला होता किंवा तो अर्धवट सोडला होता, असा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. त्या खात्याचा पासवर्ड कोणाकडेच नसेल तर अॅडमिन खातं परत मिळवण्याची वेगळी प्रक्रिया आहे. त्यात डोमेनच्या डीएनएसमध्ये सांगितलेली नोंद टाकून ताबा सिद्ध करावा लागतो. म्हणजे फिरून गोष्ट डोमेनच्या पासवर्डवरच येते.

डोमेनची पडताळणी

खातं तयार झाल्यावर एक लांबलचक सांकेतिक मजकूर मिळतो. तो डीएनएसमध्ये टीएक्सटी (साध्या मजकुराच्या) प्रकारची नोंद म्हणून टाकायचा. होस्टच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी @ हे चिन्ह चालतं. मजकूर कॉपी करताना मागे-पुढे रिकामी जागा किंवा जास्तीचं अवतरणचिन्ह आलं, तर पडताळणी होत नाही आणि कारणही कळत नाही. वेबसाइट एका कंपनीकडे आणि नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जिथे असतात ते सर्व्हर) दुसऱ्याच कंपनीचे असतील, तर नोंद नेमसर्व्हर ज्यांचे आहेत तिथे टाकायची. वेबसाइटच्या पॅनेलमध्ये टाकलेली नोंद जगाला दिसतच नाही. बदल पसरायला काही मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्यात नोंद पुसून नवीन टाकत बसू नका, प्रत्येक बदलाने वाट पाहण्याचा काळ वाढतो. डीएनएसला हात लावणं शक्यच नसेल तर वेबसाइटच्या मूळ फोल्डरमध्ये दिलेली एचटीएमएल फाइल ठेवूनही पडताळणी होते, पण मेल सुरू करताना डीएनएस लागणारच.

पडताळणी झाली म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. आधी डोमेन तुमचं आहे हे ठरतं, मग संस्था पात्र आहे का हे माणसं तपासतात. त्या काळात चाचणीचं खातं चालू असतं, पण खाती मर्यादितच काढता येतात. शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात अर्ज करू नका. स्पॅम फोल्डर रोज पाहा. अधिक माहिती मागणारा मेल तिथे पडून राहिला तर अर्ज उत्तराअभावी फेटाळला जातो. नकार आल्यास त्याच खात्यातून कागद जोडून पुनर्विचार मागा. नवीन डोमेन घेऊन नव्याने अर्ज केल्यास तीच उणीव पुन्हा समोर येते.

मंजुरीनंतरची कामं

इथून पुढची कामं झाली नाहीत तर शिक्षकांना खातं मिळूनही काही उपयोग होत नाही.

पहिलं, संस्थेत दोन विभाग पाडा: शिक्षक आणि विद्यार्थी. हवं तर विद्यार्थ्यांत इयत्तावार उपविभाग. सेवा चालू-बंद करणं, निर्बंध घालणं, सगळं विभागानुसारच होतं. खाती एकेक न काढता सीएसव्ही फाइलने (एक्सेलमधून जतन करता येणारी साध्या तक्त्याची फाइल) काढा. पहिलं नाव, आडनाव, ईमेल पत्ता, पासवर्ड आणि विभागाचा मार्ग हे पाच रकाने भरावेच लागतात. नावं देवनागरीत ठेवायची असतील तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करा, नाहीतर खात्यात नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. ईमेल पत्ता मात्र रोमन लिपीतच हवा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, आणि शून्याने सुरू होणारा आकडी पासवर्ड दिला तर एक्सेल पुढची शून्यं गिळतं. मग निम्म्या वर्गाचं लॉगिन होत नाही. शाळेच्या पत्त्यावर एखाद्या शिक्षकाने पूर्वीच वैयक्तिक गूगल खातं उघडलेलं असेल तर ते खातं आधी ‘ट्रान्सफर टूल’मधून संस्थेत घ्या. तसाच पत्ता परस्पर तयार केला की जुन्या खात्याला तात्पुरतं वेगळंच नाव मिळतं आणि त्यातला मजकूर नव्या खात्यात येत नाही.

दुसरं काम वयाचं. प्राथमिक व माध्यमिक संस्थेतली सगळी खाती, शिक्षकांचीसुद्धा, मुळात १८ वर्षांखालील धरली जातात. त्यामुळे शिक्षकांना यूट्यूबवर व्हिडिओ टाकता येत नाही, प्रतिक्रिया देता येत नाही, आणि ते इंटरनेटला दोष देत बसतात. अॅडमिन कन्सोलमध्ये (अॅडमिनच्या नियंत्रणाच्या पानावर) खाते सेटिंग्जखाली वयानुसार प्रवेशाचा पर्याय आहे. तिथे शिक्षक विभाग निवडून ‘१८ किंवा अधिक’ करा. विद्यार्थी विभागाला हात लावू नका. जीमेल, ड्राइव्ह, क्लासरूम, मीट या मुख्य सेवा झाल्या. यूट्यूब, मॅप्स यांसारख्या अतिरिक्त सेवा अल्पवयीन विद्यार्थ्यांना चालू करायच्या तर पालकांची संमती घेण्याची जबाबदारी शाळेची आहे. संमतीचा फॉर्म प्रवेशाच्या वेळीच भरून घेणं सगळ्यांत सोपं.

तिसरं, क्लासरूम पहिल्यांदा उघडताना ‘मी शिक्षक’ की ‘मी विद्यार्थी’ असं विचारलं जातं. ‘शिक्षक’ निवडणाऱ्यांची नावं ‘क्लासरूम टीचर्स’ या गटात मंजुरीसाठी थांबतात आणि अॅडमिनने ती मान्य करायची असतात. घाईत ‘विद्यार्थी’ दाबलेल्या शिक्षकांना वर्ग तयार करण्याचं बटणच दिसत नाही. त्यांना याच गटात हाताने जोडलं की प्रश्न सुटतो. मान्य करताना नावं नीट वाचा, एखादा हुशार विद्यार्थी त्यात असतोच.

विद्यार्थ्यांकडून येणारी सर्वांत जास्त तक्रार म्हणजे वर्गाचा कोड चालत नाही. कोड बहुतेक वेळा बरोबर असतो. फोनवर घरचं आणि शाळेचं अशी दोन खाती असतात आणि क्लासरूम घरच्या खात्यात उघडलेलं असतं. वर उजवीकडच्या गोल चित्रावर टिचकी मारून खातं बदलायचं, बस.

मेल सुरू करताना क्रम चुकवू नका. आधी सगळी खाती तयार, मग एमएक्स नोंद (येणारी मेल कुठे पोहोचवायची हे सांगणारी डीएनएस नोंद) बदलायची. उलट केलं तर ज्यांची खाती नाहीत त्यांची पत्रं परत जातात. एसपीएफची नोंद (या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणारी) डोमेनला एकच असावी. आधीची असेल तर तिच्यातच गूगलचा भाग जोडा. सुपर अॅडमिन (सगळे अधिकार असलेले अॅडमिन) किमान दोघं ठेवा, दोघांनाही दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणारी) लावा, आणि प्रत्येकाचे १० बॅकअप कोड (तो दुसरा पुरावा हाताशी नसताना वापरायचे) छापून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

मायक्रोसॉफ्ट आणि एकट्या शिक्षकाचा मार्ग

मायक्रोसॉफ्ट ३६५ ए१ साठीही संस्थेची पात्रता आणि टीएक्सटी नोंदीने डोमेनची पडताळणी लागते. मोफत मिळतात ती वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटची ब्राउझरमध्ये चालणारी रूपं आणि टीम्स (व्हिडिओ कॉल आणि गटातल्या संवादाचं साधन). संगणकावर इन्स्टॉल होणारं ऑफिस त्यात नाही. एकच डोमेन गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे पडताळता येतं, पण मेल कोणत्या तरी एकाकडेच जाऊ शकते. तेव्हा ते आधी ठरवा.

शाळा तयार नसेल आणि शिक्षकाला स्वतःपुरतं काही हवं असेल, तर कॅन्व्हा फॉर एज्युकेशन (चित्रं, सादरीकरणं बनवण्याचं साधन) हा प्राथमिक-माध्यमिक शिक्षकांसाठी वैयक्तिक अर्जाचा पर्याय आहे. अध्यापनाचा परवाना किंवा प्रमाणपत्र, अथवा शाळेत नोकरीला असल्याचं पत्र किंवा ओळखपत्र, यांपैकी काहीतरी जोडावं लागतं. नोकरीच्या कागदावर शिक्षकाचं पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि चालू काळातली तारीख दिसली पाहिजे. खात्यातलं नाव कागदाशी जुळत नसेल, उदाहरणार्थ लग्नाआधीचं आडनाव, तर आधी खात्यातलं नाव बदलून मगच कागद चढवा. विद्यार्थ्यांना स्वतंत्र अर्ज करता येत नाही. मंजूर झालेल्या शिक्षकाने त्यांना आमंत्रण पाठवायचं असतं.