स्टार्टअप फायली तात्पुरत्या वगळणे

बहुतेक प्रोग्रामिंग साधने सुरू होतानाच वापरणाऱ्याने लिहून ठेवलेल्या काही फायली वाचतात आणि त्यांतल्या आज्ञा न विचारता चालवतात. बॅश या शेलची (टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची) ‘.बॅशआरसी’, इमॅक्स या मजकूर-संपादकाची ‘.इमॅक्स’ आणि संख्याशास्त्रासाठीच्या आर भाषेची ‘.आरप्रोफाइल’ ही त्यांतली परिचित नावे. या फायली न पुसता, न बदलता, केवळ एका खेपेपुरत्या बाजूला ठेवून तेच साधन सुरू करता येते. त्यामागचा मुख्य हेतू निदानाचा असतो. बिघाड मूळ प्रोग्रामात आहे की आपण केलेल्या मांडणीत, हे त्यातून कळते.

अशा फायलींच्या नावातले ‘आरसी’ हे ‘रनकॉम’ या शब्दावरून आले. १९६०च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीत आज्ञांची यादी फाइलमधून चालवण्याच्या सोयीला हे नाव होते. पुढे युनिक्समध्ये टिंबाने सुरू होणारी नावे साध्या यादीत दिसेनाशी झाली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ रोज चालत राहते आणि लिहिणाराच ती विसरून गेलेला असतो.

आर भाषेत याचे परिणाम सर्वांत गंभीर दिसतात, कारण तिथे प्रश्न संशोधनातल्या आकड्यांचा असतो. आर सुरू होताना आधी ‘.आरएन्व्हायरॉन’सारख्या फायलींतून पर्यावरण-चले (प्रोग्रामांना बाहेरून मिळणारी नावे व मूल्ये) घेते, मग संपूर्ण यंत्रासाठीची प्रोफाइल, त्यानंतर वापरणाऱ्याची ‘.आरप्रोफाइल’ आणि शेवटी मागच्या सत्रातली चले जतन केलेली ‘.आरडेटा’. चालू फोल्डरमध्ये ‘.आरप्रोफाइल’ सापडली, तर होम फोल्डरमधली वाचलीच जात नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी वेळ वाया जातो.

एक उदाहरण पुरेसे आहे. एप्रिल २०२०मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीपर्यंत आर तक्ता वाचताना मजकुराचे रकाने आपोआप ‘फॅक्टर’ प्रकारात बदलत असे; या प्रकारात प्रत्येक वेगळ्या मूल्याला आतून एक क्रमांक दिलेला असतो. अनेकांनी हे वर्तन आपल्या ‘.आरप्रोफाइल’मध्ये एका ओळीने बंद करून ठेवले होते. आता आकड्यांच्या रकान्यात चुकून एखादा शब्द शिरला आहे असे समजा. ज्याच्याकडे ती ओळ आहे, त्याने रकान्याचे आकड्यांत रूपांतर केले की आकडे जसेच्या तसे मिळत आणि शब्दाच्या जागी रिकामे मूल्य व इशारा येई. तीच स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या यंत्रावर चालवली की मूळ आकड्यांऐवजी फॅक्टरचे अंतर्गत क्रमांक हाती येत, तेही कोणत्याही इशाऱ्याशिवाय. म्हणून निकालावर परिणाम करणारी कोणतीही ओळ ‘.आरप्रोफाइल’मध्ये ठेवू नये, ती स्क्रिप्टमध्येच असावी. काम दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ते एकदा ‘--व्हॅनिला’ पर्यायाने चालवून पाहिलेच पाहिजे.

‘--व्हॅनिला’ हा पाच पर्यायांचा एकत्रित संच आहे: पर्यावरण फायली, यंत्राची प्रोफाइल आणि वापरणाऱ्याची प्रोफाइल वाचायची नाही, जुनी ‘.आरडेटा’ उघडायची नाही आणि बाहेर पडताना काही जतनही करायचे नाही. ‘.आरडेटा’ टाळणे प्रोफाइलइतकेच महत्त्वाचे आहे, कारण स्क्रिप्टमध्ये कुठेच तयार न केलेले चल मागच्या सत्रातून उरलेले असले, की चुकीची स्क्रिप्टही बिनबोभाट चालते. मात्र प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजे (जोड-कोडचे संच) वेगळी ठेवणारे ‘आरएन्व्ह’ वापरणाऱ्या प्रकल्पात पॅकेजांचा संग्रह प्रकल्पाच्या ‘.आरप्रोफाइल’मधूनच जोडलेला असतो. तिथे ‘--व्हॅनिला’ दिल्यावर पॅकेजे सापडत नाहीत आणि नवशिक्याला वाटते की नवाच बिघाड झाला.

इमॅक्समध्ये स्मॉल ‘क्यू’ पर्यायाने वापरणाऱ्याची फाइल वगळली जाते. कॅपिटल ‘क्यू’ने यंत्राची सामाईक फाइलही वगळली जाते. दोष कळवण्यापूर्वी तो कॅपिटल ‘क्यू’ने सुरू करूनही दिसतो का हे पाहावे, अशी इमॅक्सची अपेक्षा असते. दोष नाहीसा झाला, तर आपल्या स्टार्टअप फाइलचा अर्धा भाग टिप्पणीत टाकून (म्हणजे न चालणारा करून) पुन्हा सुरू करायचे, मग उरलेल्याचा अर्धा. हजार ओळींतली दोषी ओळ अशा दहाएक फेऱ्यांत सापडते. बॅशसाठी ‘--नोआरसी’ आणि ‘--नोप्रोफाइल’, विम या संपादकासाठी ‘--क्लीन’, तर पायथनसाठी ३.४ आवृत्तीपासून कॅपिटल ‘आय’ हा विलग पर्याय आहे. डॉस या जुन्या संगणक प्रणालीवर काम केलेल्यांना एफ५ कळ आठवेल: ६.० आवृत्तीपासून ती दाबली की ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या स्टार्टअप फायली वगळून यंत्र सुरू होई.

फाइलचे नाव बदलून ठेवण्याचा मार्गही रूढ आहे. पण नाव परत बदलायचे राहून जाते आणि दोन दिवसांनी दुसरीच शोधाशोध सुरू होते, त्यामुळे आज्ञेसोबत दिलेला पर्याय कधीही बरा. अनोळखी व्यक्तीकडून आलेला प्रकल्प उघडताना तर तो आवश्यकच आहे, कारण त्या फोल्डरमध्ये आर सुरू करताच तिथल्या ‘.आरप्रोफाइल’मधला कोड चालतो.

या पद्धतीने सगळेच कोरे होत नाही. बसवलेली पॅकेजे आणि त्यांच्या आवृत्त्या त्याच राहतात. शेलने आधीच निर्यात केलेली पर्यावरण-चलेही नव्या प्रक्रियेकडे वारशाने येतात, म्हणून ‘--नोआरसी’ देऊनही जुना ‘पाथ’ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे याची यादी) कायम दिसतो. तो टाळायचा तर ‘एन्व्ह’ आज्ञेला स्मॉल ‘आय’ पर्याय देऊन रिकाम्या पर्यावरणात शेल सुरू करावे लागते.