पार्श्वभूमी : हॉटेल मॅनेजमेंटची पीएचडी पर्यटनाच्या पेपरातून

मार्च 2024 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले की विद्यापीठांना पीएचडीसाठी पेट ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा न घेता नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण धरता येतील. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती न मिळालेल्यांच्या बाबतीत 70 टक्के भार नेटला, 30 टक्के मुलाखतीला. इतर विषयांत हा बदल फार तर परीक्षेपुरता होता. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांची अडचण मात्र मुळातली आहे, कारण त्यांच्या नावाचा विषयच नेटमध्ये नाही.

नेट द्यायची तर त्यांना बसावे लागते पर्यटन प्रशासन आणि व्यवस्थापन या विषयाला. त्यात हॉटेलांचा भाग आहे, पण पर्यटनाचा भूगोल, विमानभाडी आणि ट्रॅव्हल एजन्सीचे कामकाजही तितकेच पक्के लागते. पंधरा वर्षे फूड प्रॉडक्शन, म्हणजे हॉटेलातला स्वयंपाक, शिकवलेल्या माणसाची संशोधनाची पात्रता यावरून ठरावी, हे पटत नाही. संस्थात्मक खाद्यसेवेचा अभ्यासक्रम आहे तो गृहविज्ञानाच्या पेपरात. म्हणजे स्वयंपाकघर एकीकडे आणि फ्रंट ऑफिस, म्हणजे हॉटेलचे स्वागतकक्ष, दुसरीकडे.

ही फाटाफूट जुनी आहे. 1954 मध्ये मुंबईत केटरिंगची संस्था उभी राहिली ती महिलांच्या अन्न परिषदेच्या पुढाकाराने, आणि पुढे अशा संस्था सरकारच्या अन्न खात्याकडे होत्या. 1982 मध्ये त्या पर्यटन खात्याकडे गेल्या. कारभारासाठी ते सोयीचे होते. पण आतिथ्य म्हणजे पर्यटनाची एक शाखा, ही समजूत तिथून घट्ट झाली. त्यात केटरिंग टेक्नॉलॉजीची पदवी तंत्रशिक्षणात मोजली जाते, आणि तिथले नियम पुन्हा वेगळे. बरीच वर्षे या क्षेत्रात तीन वर्षांची पदविकाच चालत होती. तेवढ्यावर शिक्षक झालेल्यांना पीएचडीचे दार बंदच होते, कारण 2022 पर्यंत त्याला पदव्युत्तर पदवी लागत असे.

मधल्या काळात नियमही हलत राहिले. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला जुलै 2021 पासून पीएचडी सक्तीची होणार होती. ती 2023 पर्यंत पुढे ढकलली आणि शेवटी ऐच्छिक केली. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती 2022 मध्ये गेली. सक्तीच्या धास्तीने घाईने नोंदणी केलेल्यांची यात ओढाताण झाली.

इव्हेंट्सचा, म्हणजे कार्यक्रम-सोहळ्यांच्या आयोजनाचा, तर नेटमध्ये स्वतंत्र विषयच नाही. पंढरीची वारी किंवा नाशिकचा कुंभमेळा यांच्या नियोजनावर कोणाला प्रबंध लिहायचा असेल, तर भूगोल, समाजशास्त्र किंवा व्यवस्थापनाचा मार्गदर्शक शोधावा लागतो, आणि सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात.