जमिनीखालचं सॉल्व्हंट पचवणाऱ्या जीवाणूंचा शोध कसा लागला

जीवाणू सोडून प्रदूषित भूजल साफ करतात हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण तिथवर पोचायला लागलेली वर्षं फारशी कुणाला माहीत नसतात. सुरुवात पेट्रोलपासून झाली. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अँबलर इथे पाइपलाइनमधून गळलेलं पेट्रोल भूजलात उतरलं. सन ऑइल कंपनीच्या रिचर्ड रेमंड यांनी बाहेरून जीवाणू आणलेच नाहीत, तिथे आधीपासून असलेल्यांना फक्त नायट्रोजन, फॉस्फरस आणि हवा पुरवली. १९७४ मध्ये पद्धतीचं पेटंटही मिळालं.

पण ही युक्ती क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटवर, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवांवर, चालेना. ड्रायक्लीनिंगमधलं पर्क आणि मशीनच्या पार्टवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीन, दोन्ही पाण्यापेक्षा जड, त्यामुळे खाली खाली जात राहतात आणि कुठल्यातरी चिकणमातीच्या थरावर साचून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाण्यात विरघळत बसतात. पंप लावून पाणी उपसत राहिलं तरी संपत नाहीत. पर्कचा रेणू तर हवेत जगणाऱ्या जीवाणूंना जवळपास दाद देत नाही.

मग लक्ष गेलं ऑक्सिजन नसलेल्या जागांकडे. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या वोगेल आणि मॅकार्टी यांनी दाखवलं की तिथे पर्कच्या रेणूतले चार क्लोरीन एकेक करून निघतात: चाराचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक. आता खरी भीती इथेच आहे, कारण एक क्लोरीन उरलेला पदार्थ म्हणजे व्हिनाइल क्लोराइड, त्याने कॅन्सर होतो. काम इथे अडकलं तर आधीपेक्षा वाईट! १९८९ मध्ये कॉर्नेलच्या फ्रीडमन आणि गॉसेट यांनी शेवटचा क्लोरीनही निघू शकतो हे दाखवलं आणि उरलं काय, तर इथिलीन, फळं पिकताना स्वतः सोडतात तोच वायू. मला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर टप्पा वाटतो.

हे करतंय कोण ते १९९७ मध्ये कळलं. इथाकाच्या सांडपाणी प्लांटमधल्या गाळातून डीहॅलोकॉकॉइडिस नावाचा जीवाणू वेगळा काढला गेला. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो, हा त्याजागी क्लोरीनवाले रेणू वापरतो. त्याला हायड्रोजन लागतो, बी-१२ लागतं आणि ऑक्सिजन अजिबात चालत नाही, म्हणून तर लॅबमध्ये त्याला एकट्याला वाढवणं इतकं जिकिरीचं.

साधारण त्याच काळात डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावर प्रत्यक्ष जमिनीत प्रयोग चालू होता. लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा क्षार, जीवाणूंचं खाणं) महिनोनमहिने सोडलं, त्यातून हायड्रोजन मिळतो, तरी गाडी दोन क्लोरीनवर अडकलेली. मग फ्लोरिडातल्या पिनेलासच्या दूषित मातीतून वाढवलेलं जीवाणूंचं मिश्रण सोडलं, सुमारे तीन महिने काहीच हललं नाही, आणि मग व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीन दिसायला लागलं. एकूण दीडेक वर्षात त्या पट्ट्यातलं सॉल्व्हंट इथिलीनपर्यंत पोचलं. खाणं घालून भागत नाही, योग्य जीवाणू तिथे असावा लागतो, हे इथे जमिनीवर पटलं.

म्हणून आता अशा जागी जीवाणू सोडण्याआधी बोअरच्या पाण्यात व्हिनाइल क्लोराइड तोडणारी जनुकं आहेत का तेच आधी तपासतात. असतील तर नुसतं वनस्पती तेल किंवा लॅक्टेट सोडून बऱ्याचदा भागतं.