झिरपणाऱ्या पाण्याचा रंग

ऑक्टोबर संपत आला की कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तालुक्यांत डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागते. अशा वेळी एखाद्या जुन्या लघुपाटबंधारे तलावाच्या भरावाच्या कोरड्या अंगाला उतरून पाहिले, तर पायथ्याशी मध्येच एक हिरवागार पट्टा दिसतो. तिथे लव्हाळा माजलेला असतो, चप्पल रुतते आणि निचऱ्याच्या चरातून पाण्याची बारीक धार वाहत असते. ती पाहून ‘धरण गळतंय’ अशी हाकाटी होते, किंवा ‘ते तर पहिल्यापासून गळतंय’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली जाते. दोन्ही प्रतिक्रियांत खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

मातीचे प्रत्येक धरण झिरपते. पाणी अजिबात न झिरपणारी माती नसते. म्हणून आपल्याकडे भरावाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा घालतात, ज्याला अभियंते ‘हार्टिंग’ म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे ‘केसिंग’ चढवतात. गाभ्याने पाण्याचा वेग मारायचा, मुरमाने भार पेलायचा, आणि जे थोडे पाणी तरीही पलीकडे येते ते पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून मुकाट्याने बाहेर काढायचे, अशी ही वाटणी आहे. निचऱ्यातून स्वच्छ पाणी ठराविक प्रमाणात येत असेल, तर धरण आपले काम करीत आहे. उलट वर्षानुवर्षे वाहणारा निचरा एकाएकी कोरडा पडला, तर तो बुजला असण्याची शक्यता असते; मग भरावातील पाण्याची पातळी आतल्या आत चढते आणि ओल उताराच्या मधोमध फुटते.

धोका सुरू होतो तो पाण्याबरोबर माती येऊ लागल्यावर. बाहेर पडणाऱ्या झऱ्याच्या तोंडाशी कण सुटतात, तिथे पोकळी होते आणि ती तलावाच्या दिशेने मागे मागे सरकते. पाण्याची वाट जितकी आखूड होते तितका त्याचा जोर वाढतो आणि जोर वाढला की आणखी माती सुटते. या अंतर्गत धुपेला ‘पायपिंग’ म्हणतात. ती अनेक वर्षे गुपचूप चालू शकते आणि अखेरीस काही तासांत आटोपते. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील सुमारे ९३ मीटर उंचीचे टेटन धरण पहिल्यांदाच भरत असताना, ५ जून १९७६ रोजी सकाळी त्याच्या पायथ्याजवळ गढूळ पाणी दिसले आणि दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण फुटले. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री आणि भुदरगड तालुक्यातील मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला. तिवरे धरण खेकड्यांनी पोखरल्यामुळे फुटले, असे तेव्हा सांगितले गेले आणि त्यावरून पुष्कळ विनोद झाले. खेकडे, घुशी आणि साळिंदरे भराव पोखरतात हे खरेच आहे, पण बीळ एका रात्रीत होत नाही. ते दिसण्यासाठी उतारावरची घाणेरी आणि बाभळी काढलेल्या असाव्या लागतात. झाडांचे तर आणखी एक दुखणे आहे. मोठे झाड तोडले की त्याची मुळे आत कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. म्हणून झाड रोप असतानाच उपटणे शहाणपणाचे.

लहान तलावाला मोठ्या धरणाला नसणारा एक त्रासही असतो: तो मे महिन्यात पुरता आटतो. काळी माती सुकली की भेगाळते. वरचा मुरूम वाहून गेला असेल आणि गाभा उघडा पडला असेल, तर उन्हाळ्यातील त्या भेगांत जूनचे पहिले पाणी थेट शिरते. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे तलाव सावकाश भरण्याची सवड मिळत नाही.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे विमोचकाची, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या दाराची, भरावाखालून जाणारी नळी. काँक्रीटला लागून माती नीट ठोकून बसवणे अवघड असते, त्यामुळे नळीच्या अंगाने पाणी वाट काढते. विमोचकाचे दार बंद असूनही बाहेर पाणी येत असेल, तर ते नळीच्या आतून येते की बाहेरच्या अंगाने, एवढे पाहिले तरी निम्मे निदान होते.

झिरपा नजरेने मोजता येत नाही. त्यासाठी चरात व्ही आकाराची खाच असलेला पत्रा उभा करतात, ज्याला ‘व्ही-नॉच’ म्हणतात. नव्वद अंशांच्या खाचेत पाणी ५ सेंटिमीटर चढले, तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाहते. ते १० सेंटिमीटर झाले की सुमारे साडेचार लिटर. उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पट. शेजारी वहीत तारीख, तलावाची पातळी आणि खाचेतील उंची लिहिलेली असेल, तरच ‘तलाव तितकाच भरलेला, पण झिरपा वाढला’ हे कळते. तेच पाणी पारदर्शक बाटलीत भरून तासभर ठेवावे. तळाशी गाळ बसला, तर त्याच दिवशी वर कळवण्याची वेळ आली असे समजावे. बऱ्याच लहान तलावांवर पत्रा गंजलेला आणि वही हरवलेली असते, ही माझ्या मते सर्वांत स्वस्तात दूर होण्यासारखी उणीव आहे.

सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचे, थोडक्यात सांगतो. मातीचा भराव माथ्यावरून पाणी गेल्यास टिकत नाही. तरीही जास्त पाणी अडवण्यासाठी सांडव्यावर पोती रचलेली आणि मासे अडवण्यासाठी जाळ्या लावलेल्या दिसतात. उसाच्या ट्रॅक्टरांनी माथा एखाद्या ठिकाणी खचला असेल, तर पूर नेमका तिथूनच ओसंडतो.

२०२१ चा केंद्रीय धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी त्यात बंधनकारक आहे. गावोगावचे बुटके पाझर तलाव या चौकटीबाहेर राहतात.

गढूळ झरा दिसल्यावर गावकरी पहिल्यांदा चिखलाची पोती टाकून त्याचे तोंड बुजवतात. हे करू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून अधिक जोराने फुटते. झऱ्यावर आधी जाड वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड रचायचे असतात, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती मागे राहते. त्याच वेळी विमोचक उघडून तलावाची पातळी उतरवावी लागते, पण तीही बेताने: पाणी झपाट्याने ओसरले, तर तलावाकडील ओला उतार पाण्याचा आधार सुटून घसरतो. किती वेगाने उतरवायचे हे अभियंत्याने ठरवावे. तोवर खालच्या ओढ्याकाठची घरे रिकामी करण्यासाठी त्याच्या परवानगीची वाट पाहू नये.