माँटगोमेरी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्याची राजधानी. अलाबामा नदीकाठच्या या शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख (२०२०). शेजारच्या दोन वसाहती एकत्र करून १८१९ मध्ये ते स्थापन झाले. क्वेबेकच्या लढाईत १७७५ मध्ये मारले गेलेले सेनानी रिचर्ड माँटगोमेरी यांचे नाव त्याला देण्यात आले. राजधानी येथे १८४६ मध्ये आली. शहराची भरभराट झाली ती आसपासच्या काळ्या, सुपीक जमिनीतल्या कापसावर, आणि हा कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता. आगबोटींतून व रेल्वेने आणलेल्या माणसांचे लिलाव भर चौकात होत.

तो चौक म्हणजे कोर्ट स्क्वेअर. आज तेथे १८८५ मधले कारंजे आहे. या कारंज्यापासून टेकडीवरच्या विधिमंडळापर्यंत डेक्स्टर अव्हेन्यू हा रुंद, चढता रस्ता जातो. अंतर एक किलोमीटरही नाही, पण अमेरिकेचा इतका इतिहास इतक्या कमी जागेत क्वचितच सापडेल. वेळ थोडाच असेल तर बाकी सगळे सोडून हा रस्ता पायी चालावा.

विधिमंडळाची सध्याची पांढरी, घुमटाची इमारत १८५१ मध्ये पूर्ण झाली. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाची पहिली राजधानी माँटगोमेरी होती. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी जेफरसन डेव्हिस यांनी या इमारतीच्या दर्शनी ओसरीवर त्या संघाच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या जागी फरशीत पितळी तारा बसवलेला आहे. काही महिन्यांतच ती राजधानी व्हर्जिनियातल्या रिचमंडला हलली. पुढे १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी डेव्हिस यांच्या या जागेचा अभिमानाने उल्लेख करत वर्णभेद कायम ठेवण्याची घोषणा केली.

या ओसरीच्या अगदी जवळ डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चची लाल विटांची साधी इमारत आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५४ ते १९६० येथे पाद्री होते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. दमल्या म्हणून त्या उठल्या नाहीत, ही लोकप्रिय कथा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. नागरी हक्कांच्या संघटनेत त्या अनेक वर्षे काम करत होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विन हिनेही असाच नकार दिला होता, तिचे नाव मात्र फार काळ मागे राहिले. प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके छापून घेतली. ५ डिसेंबरपासून ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. लोक मैलोन्‌मैल चालले, मोटारी वाटून घेतल्या. बहिष्काराचे नेतृत्व करणाऱ्या किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला तरी आंदोलन अहिंसक राहिले. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य असल्याच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये शिक्कामोर्तब केले. याच चर्चचे पाद्री असताना १९५९ मध्ये किंग भारतात आले होते. बॉम्बस्फोट झालेले ते घर आज संग्रहालय आहे. ग्रेहाउंडच्या जुन्या बसस्थानकातही संग्रहालय असून तेथे १९६१ मध्ये 'फ्रीडम रायडर्स'वर, म्हणजे बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या कार्यकर्त्यांवर, जमावाने हल्ला केला होता.

शहरातले सर्वांत अस्वस्थ करणारे स्थळ २०१८ मध्ये उघडले : झुंडबळींचे, म्हणजे जमावांनी ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचे, राष्ट्रीय स्मारक. वकील ब्रायन स्टीव्हनसन यांच्या संस्थेने ते उभारले. गंजल्या रंगाचे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ तेथे आहेत, अशा हत्या झालेल्या प्रत्येक काउंटीसाठी (जिल्ह्यासाठी) एक, आणि त्यांवर मारल्या गेलेल्यांची नावे. सुरुवातीला स्तंभ डोळ्यांच्या पातळीवर असतात. जमीन उतरत जाते तसे ते वर जातात आणि शेवटी डोक्यावर टांगलेले दिसतात. याच संस्थेच्या लेगसी म्युझियममध्ये हत्यांच्या ठिकाणची माती बरण्यांत भरून मांडली आहे. दोन्ही ठिकाणे घाईने उरकण्यासारखी नाहीत, त्यांना पूर्ण दिवस द्यावा.

गायक हँक विल्यम्स यांची समाधीही येथेच, ओकवुड दफनभूमीत आहे.

उन्हाळा दमट व कडक असल्याने वसंत किंवा शरद ऋतू सोयीचा. शक्य असल्यास पश्चिमेकडील सेल्मापर्यंत जावे. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी मार्च १९६५ मध्ये तेथून निघालेली सुमारे ८७ किलोमीटरची पदयात्रा माँटगोमेरीच्या विधिमंडळासमोर संपली. तोवर सहभागींची संख्या २५,००० वर गेली होती. मतदान हक्क कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला. हा मार्ग आता राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून जपलेला आहे.