‘आढळली नाही’ या नोंदीमागे

सर्वेक्षणाच्या वहीत एखाद्या दुर्मीळ प्रजातीपुढे ‘आढळली नाही’ असं लिहिलं की त्या जागेवर पुढे रस्ता होतो, खाण होते. त्यामुळे ही नोंद कधी करायची याचे नियम लागतात. ते ठरायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात वनस्पतींपासून झाली. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जमिनीवर ठरावीक मापाचे चौकोन आखले आणि आतलं एकेक रोप मोजलं. नजरेने बांधलेले त्यांचे स्वतःचेच अंदाज चुकलेले निघाले. उठून दिसणारी वनस्पती संख्येनेही जास्त असेलच असं नव्हतं. क्वाड्रॅट पद्धत, म्हणजे अशा चौकोनांत मोजणी करायची पद्धत, रुजली ती इथून.

प्राण्यांच्या बाबतीत हा धडा उशिरा मिळाला, आणि भारताने त्याची मोठी किंमत मोजली. १९७२च्या व्याघ्रगणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले ते पंजाच्या ठशांवरून. वनरक्षक मातीतल्या ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवून घेत. त्यांच्या मेहनतीबद्दल शंकाच नाही, पण कोरड्या धुळीत आणि ओल्या चिखलात एकाच वाघाचा ठसा वेगळा उमटतो. २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि ही पद्धत मागे पडली. तोवर वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज काढता येतो हे दाखवलं होतं.

अमेरिकेत १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानंतर प्रजातीनुसार नियम लिहिले गेले: कोणता हंगाम, दिवसाची कोणती वेळ, किती फेऱ्या. रोपांसाठी तर आधी माहीत असलेल्या जागी जाऊन ती यंदा फुलली आहेत का, हे बघून मगच नव्या जागी शोध घ्यायचा. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. पाऊस कमी झाला तर काही कंदवर्गीय रोपं वर येतच नाहीत.

फेऱ्या किती, याला गणिताचा पक्का आधार २००२मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी दिला. एका फेरीत प्रजाती दिसण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर ती तिथे असूनही एका फेरीत निसटण्याची शक्यता ६० टक्के, तीन फेऱ्यांनंतर सुमारे २२ आणि पाच फेऱ्यांनंतर ८ टक्के.

२००८मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांतून घेतलेल्या जेमतेम १५ मिलिलीटर पाण्यात बुलफ्रॉग या बेडकाचा डीएनए सापडला; म्हणजे प्राणी न दिसताही तो तिथे असल्याचं पाण्यावरून कळू शकतं. इंग्लंडमध्ये ग्रेट क्रेस्टेड न्यूट या शेपटीवाल्या उभयचर प्राण्यासाठी चार-चार रात्री विजेरी घेऊन तळी धुंडाळावी लागत, पानांच्या घडीत दडवलेली अंडी शोधावी लागत. २०१४पासून तिथे पाण्याचा नमुनाही चालू लागला. मात्र तो १५ एप्रिल ते ३० जून याच काळातला हवा. नंतरच्या पाण्यात काही मिळालं नाही, तर त्यावरून तळ्यात न्यूट नाही असं लिहिता येत नाही.