‘हाफ टाइम’ म्हणजे नेमके किती तास?

इंदूरच्या रामबागेत राहणारी माझी भाची राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात ‘हाफ टाइम’ जाते. दुपारी एक ते सात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज अर्ध्याची खूण पडते आणि पगारही अर्धाच हातात येतो. सहा तास अर्धे कसे? विचारलं तर उत्तर ठरलेलं, इथे असंच चालतं.

या शब्दाचं मूळ मुलांच्या मजुरीत आहे. इंग्लंडमध्ये १८४४च्या कारखाना कायद्याने आठ ते तेरा वर्षांच्या मुलांचं काम दिवसाला साडेसहा तासांवर आणलं. उरलेल्या वेळात शाळा. ही मुलं म्हणजे हाफ-टायमर. आपल्याकडच्या गिरण्यांत हा शब्द आला, शाळेची सक्ती तेवढी आली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास राबवता येत असे. १८९१ला सात तास झाले आणि १९२२ला सहा. त्याच १९२२च्या कायद्यात मोठ्यांचा दिवस अकरा तासांचा होता. सहा तास खरोखर अर्ध्याच्या आसपास होते ते तेव्हा!

पुढे पूर्ण दिवस आखडत गेला. १९३४ला दहा तास, १९४६ला नऊ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस. भाचीच्या दुकानातला ‘अर्धा’ मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या मापाचाच राहिला. नऊ तासांच्या दिवसात सहा तास म्हणजे दोन तृतीयांश, आणि पगार तेवढा मिळायला हवा.

मराठीत आपण ‘अर्धवेळ’ म्हणतो, मध्य प्रदेशातल्या सरकारी कागदांवर ‘अंशकालीन’ असतं. मला दुसरा शब्द अधिक खरा वाटतो. अंश म्हणजे भाग, तो किती ते मोजावं लागतं. ‘अर्धवेळ’ म्हटलं की मोजणी झाल्यासारखीच वाटते.

दुकान लवकर बंद केलं म्हणून लागलेला ‘हाफ डे’ ही वेगळी गोष्ट. ज्याचं किमान वेतन दिवसावर ठरलं आहे, त्याला मालकाने काम न दिल्यामुळे कमी तास भरले तरी पूर्ण दिवसाचं वेतन मिळायला हवं. १९४८च्या किमान वेतन कायद्याचं कलम १५ हेच सांगत होतं. २०१९च्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. कामगाराने स्वतःहून काम टाळलं, तर ती लागू नाही.

गेल्या सोमवारपासून भाची एका छोट्या वहीत वेळ लिहून ठेवते. पहिली नोंद अशी आहे: आत १२.५५, बाहेर ७.२०.